सौर बंबाचा राखणदार : स्वयंचलित तापमान-नियंत्रक

डिसेंबरच्या उत्तरार्धात सातपुड्याच्या डोंगरांत पहाटेचे दव गोठते. तोरणमाळ आणि डाबच्या परिसरात गवतावर हिमकणांचा पांढरा थर अनेक हिवाळ्यांत पाहावयास मिळतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठीही तेच दृश्य असते, आणि निफाडच्या द्राक्षपट्ट्यात पारा पाच अंश सेल्सिअसच्या खाली उतरण्याचे प्रसंग येतात. अशा पहाटे निवासी शाळेतील दीडदोनशे मुलामुलींनी आंघोळ कोणत्या पाण्याने करावयाची, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. ज्या मुख्याध्यापकांना आणि अधीक्षकांना तो रोज सोडवावा लागतो, त्यांना तो किरकोळ वाटत नाही. पाणी गार असेल तर मुले आंघोळ टाळतात, कपडे धुणे लांबते, आणि दाटीवाटीने राहणाऱ्या मुलांत त्वचेच्या तक्रारी वाढू लागतात. पाणी तापवावे तर सरपण आणावे लागते. आणि ते आणण्यासाठी, शिपाई अपुरे पडले की, मुलांचेच हात कामी लावण्याचा मोह होतो.

या सरपणाचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. दोनशे मुले आणि प्रत्येकाला पंधरा लिटर कोमट पाणी धरले तर रोज तीन हजार लिटर पाणी लागते. ते अठरा अंशांपासून चाळीस अंशांपर्यंत तापवावयाचे म्हणजे ६६,००० किलोकॅलरी उष्णता हवी. विजेच्या भाषेत हे सुमारे ७७ युनिट झाले. उघड्या चुलीत लाकडाच्या उष्णतेचा जेमतेम सातवा हिस्सा भांड्याला लागतो आणि बाकीची उष्णता धुरावाटे निघून जाते, असे धरले तर रोज सव्वाशे किलोंच्या आसपास लाकूड जाळावे लागेल. हा आकडा एका दिवसाचा आहे. हिवाळा तीन महिन्यांचा असतो.

याच कारणाने वसतिगृहे, रुग्णालये आणि निवासी शाळा यांच्या छपरांवर सौर बंब आले. आजकाल ‘सोलर’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे वीज निर्माण करणारी निळसर पॅनेल येतात. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेने तर हा शब्द घरोघर नेला. सौर बंबाचा प्रकार निराळा. तो वीज निर्माण करीत नाही, उन्हाची उष्णता सरळ पाण्याला देतो. म्हणूनच त्याची रचना साधी असते आणि त्याच क्षेत्रफळातून मिळणारी उपयुक्त ऊर्जा पुष्कळच अधिक असते. मात्र मोठ्या संचांत या साध्या रचनेला एका लहानशा पेटीची जोड द्यावी लागते, आणि ती पेटी काय करते हे ठाऊक नसल्यामुळे चांगला संच निरुपयोगी होऊन बसतो. छपरावर काचा चकाकत आहेत, खाली चूल पेटलेली आहे, असा विसंगत देखावा एखाद्या गावी दिसला तर तेथे प्रथम त्या पेटीकडे पाहावे.

पंप का लागतो?

सौर बंबाचे मूळ जुने आहे. काचेच्या पेटीत ऊन कोंडून उष्णता साठविता येते हे स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञ ओरास-बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी १७६७ मध्ये दाखविले. अमेरिकेत बाल्टिमोरच्या क्लेरेन्स केम्प यांनी १८९१ मध्ये पाणी तापविण्याच्या सौर उपकरणाचे एकस्व घेतले; पण त्यात टाकी आणि तापणारा भाग एकच असल्याने रात्रीतून पाणी निवत असे. १९०९ मध्ये कॅलिफोर्नियातील विल्यम बेली यांनी हे दोन भाग वेगळे केले. तापणारी पेटी उन्हात ठेवली आणि टाकीला उष्णतारोधक वेष्टन घालून ती वरच्या बाजूस बसविली. आजचा घरगुती सौर बंब म्हणजे त्याच कल्पनेची सुधारलेली आवृत्ती होय.

त्यातील तत्त्व शाळेतील विज्ञानाच्या पुस्तकात असते. गरम पाणी हलके होऊन वर चढते, गार पाणी जड असल्याने खाली उतरते. संग्राहकात, म्हणजे काळा पत्रा, तांब्याच्या नळ्या आणि वर काच असलेल्या पेटीत, तापलेले पाणी आपोआप वरच्या टाकीत जाते आणि टाकीच्या तळाचे गार पाणी त्याची जागा घेते. येथे पंप नको, वीज नको. शंभर-दोनशे लिटरांच्या घरगुती संचाला याहून अधिक काही लागत नाही, आणि ज्याच्याकडे असा संच आहे त्याने हा लेख वाचून नियंत्रक विकत घेण्याची घाई करू नये.

अडचण मोठ्या संचाची. वर हिशेब केलेल्या दोनशे मुलांच्या वसतिगृहाला साठ अंशांचे दोन हजार लिटर पाणी देणारा संच पुरेसा होतो. साठ अंशांचे आठ लिटर आणि गार सात लिटर मिसळले की पंधरा लिटर कोमट पाणी तयार होते. शिवाय स्वयंपाकघरासाठी थोडे शिल्लक राहते. रूढ प्रमाणानुसार दर शंभर लिटरांस दोन चौरस मीटरचा एक संग्राहक लागतो. म्हणजे येथे वीस संग्राहक आले. पण पाणी आपोआप फिरावयाचे तर टाकी या वीस संग्राहकांच्याही वर हवी. दोन हजार लिटर पाण्याचे वजन दोन टन असते. जुन्या कौलारू इमारतीवर किंवा पत्र्याच्या छपरावर उंच चौथरा करून एवढे ओझे ठेवणे धोक्याचे असते. त्यामुळे टाकी जमिनीवर किंवा भक्कम भिंतीच्या आधाराने खाली ठेवतात, संग्राहक छपरावर मांडतात आणि पाणी फिरविण्यासाठी मध्ये एक लहान पंप बसवितात. टाकी खाली आली की निसर्गाचा नियम उलट्या बाजूने काम करू लागतो, हे येथेच सांगितले पाहिजे. रात्री टाकीतील गरम पाणी वर चढून गार संग्राहकांत जाऊ पाहते आणि तेथे आकाशाकडे उष्णता फेकून निवते. ते रोखण्यासाठी नळाच्या मार्गात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेने पाणी सोडणारी झडप, अनिवार्य असते.

आता प्रश्न उरतो तो असा : पंप चालू कोणी करावयाचा आणि बंद कोणी करावयाचा?

माणूस, घड्याळ आणि थर्मोस्टॅट

पहिले उत्तर साहजिकच माणूस हे असते. सकाळी नऊला शिपायाने बटण दाबावे, चारला बंद करावे. काही दिवस हे सुरळीत चालते. मग एखाद्या दिवशी शिपाई रजेवर जातो, एखाद्या दिवशी बंद करावयाचे विसरते. संध्याकाळी पंप चालू राहिला तर दिवसभर मिळविलेली उष्णता रात्रीतून छपरावर उधळली जाते. एकमार्गी झडप येथे काही करू शकत नाही, कारण पाणी योग्य दिशेनेच फिरत असते. फक्त वेळ चुकीची असते. पहाटे मुलांना गार पाणी मिळते आणि ठपका सूर्यावर येतो.

दुसरे उत्तर घड्याळाचे. ठराविक वेळी पंप चालू व बंद करणारे यंत्र स्वस्त असते आणि ते विसरत नाही. पण ते पाहतही नाही. ढगाळ दिवशी, धुक्याच्या सकाळी, अवकाळी पावसाच्या दुपारी ते इमानेइतबारे पंप चालवीत राहते आणि टाकीतले कालचे गरम पाणी गार संग्राहकांतून फिरवून आणते.

तिसरे उत्तर अधिक शहाणपणाचे वाटते, आणि म्हणून अधिक फसवे आहे. फ्रिजमध्ये किंवा विजेच्या गिझरमध्ये जसा थर्मोस्टॅट असतो तसा संग्राहकावर बसवावा आणि तो पन्नास अंशांवर लावावा. संग्राहक पन्नास अंशांपर्यंत तापला की पंप सुरू होईल. हे कोठे बिघडते? सकाळी टाकीच्या तळाशी अठरा अंशांचे पाणी असते आणि संग्राहक पस्तीस अंशांवर पोहोचलेला असतो. त्या वेळी पाणी फिरविले तर लाभ निश्चित आहे, पण पन्नास अंश झाले नाहीत म्हणून पंप स्वस्थ बसतो. सकाळचे मोलाचे तास वाया जातात. संध्याकाळी याच्या नेमके उलट घडते. टाकीतले पाणी अठ्ठावन्न अंशांवर असते, ऊन कलल्यामुळे संग्राहक बावन्नवर उतरलेला असतो. पण बावन्न हे पन्नासपेक्षा अधिक असल्याने पंप चालूच राहतो आणि अठ्ठावन्न अंशांचे पाणी बावन्न अंशांच्या संग्राहकातून नेऊन निववतो.

येथे मर्म असे की संग्राहक किती तापला हा प्रश्नच नाही. तो टाकीतील गार पाण्यापेक्षा किती अधिक तापला, हा प्रश्न आहे. पस्तीस अंश सकाळी पुरेसे असतात, बावन्न अंश संध्याकाळी पुरेसे नसतात. एका ठिकाणचे तापमान पाहून हे ठरविता येत नाही. दोन ठिकाणची तापमाने घेऊन त्यांतील फरक पाहावा लागतो, आणि ते काम करणारी पेटी म्हणजे तापमान-फरक नियंत्रक. बाजारात याला ‘डिफरन्शियल टेंपरेचर कंट्रोलर’ किंवा नुसते ‘डीटीसी’ म्हणतात.

दिवसभरात काय घडते

या पेटीला दोन संवेदक जोडलेले असतात. बोलीत त्यांना सेन्सरच म्हणतात. एक संग्राहकांच्या शेवटी, जेथून गरम पाणी बाहेर पडते तेथे. दुसरा टाकीच्या तळाशी, जेथून गार पाणी पंपाकडे जाते तेथे. फरक ठराविक मर्यादेहून अधिक झाला की पेटी पंप सुरू करते, आणि दुसऱ्या, लहान मर्यादेखाली आला की बंद करते. समजा, या मर्यादा आठ अंश आणि तीन अंश अशा ठेवल्या आहेत.

हिवाळ्यातील एका स्वच्छ दिवसाचे चित्र साधारणपणे असे राहील. पहाटे मुलांच्या आंघोळी झाल्या, वरचे गरम पाणी वापरले गेले आणि तळाशी अठरा अंशांचे नवे पाणी भरले. सात वाजता संग्राहक बारा अंशांवर, म्हणजे टाकीपेक्षाही गार आहे, पंप बंद. नऊच्या सुमारास संग्राहक सत्तावीसवर येतो, फरक नऊ अंशांचा होतो, पंप सुरू होतो. गार पाणी वर पोहोचताच संग्राहक थोडा निवतो आणि फरक पाच-सहावर येतो, पण तीनच्या खाली जात नाही म्हणून पंप चालू राहतो. दुपारी बारा वाजता टाकीचा तळ चाळीस अंशांवर, संग्राहक शेहेचाळीसवर. दोनच्या सुमारास पंचावन्न आणि एकसष्ट. चारनंतर ऊन तिरपे होते, संग्राहक उतरू लागतो, टाकी साठला टेकते आणि फरक तीन अंशांच्या आत येताच पंप थांबतो. मध्येच ढग आला तर तो तेव्हाही थांबतो आणि ढग सरल्यावर पुन्हा सुरू होतो. कोणाला जिना चढावा लागत नाही.

दोन मर्यादा कशासाठी, अशी शंका येथे येईल. एकच मर्यादा ठेवली असती तर? फरक आठ झाला, पंप सुरू झाला, गार पाण्याने फरक सहावर आला, पंप बंद झाला, अर्ध्या मिनिटात फरक पुन्हा आठ झाला. दिवसभर अशी उघडझाप चालली तर पंपाची मोटर आणि पेटीतील रिले दोन्ही लवकर निकामी होतील. आठ आणि तीन यांतील अंतर ही पंपाला दिलेली उसंत आहे. हे आकडे सर्वत्र सारखे नसतात. नळ लांबचे असतील तर पहिली मर्यादा थोडी वाढवावी लागते. दुसरी मर्यादा शून्याजवळ आणण्याचा मोह मात्र टाळावा, कारण एक-दोन अंशांच्या लाभासाठी पंपाला जी वीज लागते तीच त्या लाभापेक्षा महाग पडू शकते.

पंपाच्या विजेचा उल्लेख आला म्हणून सांगावयाचे, की अर्ध्या अश्वशक्तीचा पंप रोज सात तास चालला तर अडीच-पावणेतीन युनिट वीज घेतो. त्याच्या मोबदल्यात चाळीस चौरस मीटरच्या संग्राहकांतून, दर चौरस मीटरवर पाच युनिट ऊन पडले आणि त्याचा निम्मा भाग पाण्यात उतरला असे धरल्यास, शंभर युनिटांइतकी उष्णता हाती येते.

जलतरण तलावांसाठी परदेशात हीच पेटी मोठ्या प्रमाणावर वापरली जाते, आणि त्या उदाहरणाने तिचे काम अधिक स्पष्ट होते. स्पर्धेच्या तलावाचे पाणी पंचवीस ते अठ्ठावीस अंशांच्या दरम्यान ठेवावे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पंचवीस मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावाचे पाणी अवघ्या एका अंशाने तापवावयाचे तरी सुमारे ५४५ युनिट उष्णता लागते. इतके पाणी कोमट ठेवावयाचे असल्याने तेथे काचेच्या पेट्यांऐवजी काळ्या प्लॅस्टिकच्या उघड्या नळ्या पसरतात, आणि गाळणीचा पंप आधीच चालू असल्यामुळे नियंत्रक पंप न चालविता एक झडप फिरवितो. ऊन असेल तर पाणी छपरावरून जाते, नसेल तर थेट तलावात परतते. कडक उन्हाळ्यात तोच नियंत्रक उलटा लावून रात्री पाणी वर नेले तर तलाव गार करता येतो. तलावाची बहुतेक उष्णता बाष्पीभवनाने जाते. म्हणून रात्री त्यावर आच्छादन घातल्याशिवाय नियंत्रकाची हुशारी फारशी कामाची नाही, हेही जाणकार सांगतात. आपल्याकडे नगरपालिकांच्या तलावांना हे केव्हा परवडेल तो भाग निराळा. वसतिगृहाची निकड आधीची आहे.

संवेदक कोठे बसतो यावर सारे अवलंबून

पेटी स्वतः क्वचितच बिघडते. बिघडतो तो संवेदक, किंवा त्याची तार, किंवा त्याची जागा. संग्राहकावरचा संवेदक नळाला घट्ट चिकटलेला अथवा नळात बसविलेल्या खोबणीत पूर्ण आत गेलेला असावा आणि वरून वेष्टन घातलेले असावे. वाऱ्याने किंवा माकडांच्या ओढाताणीने तो निसटून नुसता लोंबत राहिला, तर तो पाण्याचे तापमान सांगत नाही, छपरावरील हवेचे सांगतो. संग्राहकात पाणी उकळू लागले तरी खाली पेटीला ती भर दुपारी तीस अंश दाखवील आणि पंप सुरू होणार नाही. टाकीचा संवेदक चुकून वरच्या भागात बसविला गेला तर तो नेहमी गरम पाणीच पाहील आणि पंपाला विनाकारण रोखून धरील. तारा उंदीर कुरतडतात. उन्हात त्यांचे वेष्टन तडकते. म्हणून त्या नळीतून नेणे आणि विजेच्या मुख्य तारांपासून वेगळ्या ठेवणे अगत्याचे असते.

या दोषांची लक्षणे समजून घेतली तर तंत्रज्ञ येण्यापूर्वीच निम्मे निदान होते. पुष्कळ नियंत्रकांत थर्मिस्टर जातीचा संवेदक असतो. तो गार असताना विजेला अधिक विरोध करतो आणि तापला की कमी. त्याची तार तुटली तर विरोध अमर्याद होतो आणि पेटी समजते, की येथे बर्फ पडला आहे. तारा एकमेकींना चिकटल्या तर विरोध नाहीसा होतो आणि पेटी समजते, की येथे आग लागली आहे. त्यामुळे संग्राहकाच्या संवेदकाची तार तुटली तर पंप कधीच सुरू होत नाही. टाकीच्या संवेदकाची तार तुटली तर तो रात्रंदिवस चालू राहतो. नव्या पेट्या अशा वेळी पडद्यावर दोषाची खूण दाखवितात. जुन्यांत ही सोय असेलच असे नाही. सर्वाधिक प्रचलित थर्मिस्टरचा विरोध पंचवीस अंशांस दहा हजार ओहम आणि साठ अंशांस सुमारे अडीच हजार ओहम भरतो. संवेदक सोडवून मल्टिमीटरने हे मोजणे माध्यमिक शाळेच्या विज्ञान शिक्षकाला कठीण नाही, आणि दहावीच्या वर्गासाठी तो उत्तम प्रयोगही होईल. पीटी-१०० नावाच्या दुसऱ्या जातीच्या संवेदकाचे वर्तन उलट असते; त्याचा विरोध शून्य अंशास शंभर ओहम आणि शंभर अंशांस साडेअडतीसने अधिक असतो. आपल्या संचात कोणता आहे हे पेटीच्या झाकणाच्या आत लिहून ठेवावे, कारण एकाच्या जागी दुसरा बसविला तर पेटी भलतेच वाचते.

आणखी एक दोष यंत्राचा नसून माणसाचा आहे. पुष्कळ नियंत्रकांवर ‘स्वयंचलित’ आणि ‘हस्तचलित’ असे दोन खुणांचे बटण असते. दुरुस्तीसाठी कोणी ते हस्तचलितवर नेतो आणि परत आणावयाचे राहून जाते. पंप अखंड चालू राहतो. ग्रामपंचायतीच्या किंवा शाळा समितीच्या सदस्याला कोणतेही उपकरण न घेता एक तपासणी करता येईल : रात्री नऊ वाजता पंपावर हात ठेवावा. तो थरथरत असेल तर काहीतरी चुकले आहे. पंप शांत असूनही संग्राहकाकडे जाणारा नळ त्या वेळी कढत लागत असेल तर एकमार्गी झडप नीट मिटत नाही.

वीज गेली तर?

भर दुपारी वीज गेली की पंप थांबतो, संग्राहकातील पाणी उकळीच्या जवळ पोहोचते आणि वाफ धरते. म्हणून संग्राहकांच्या सर्वांत उंच ठिकाणी हवा व वाफ जाण्याची उघडी नळी किंवा दाब सोडणारी झडप असलीच पाहिजे. काचेच्या निर्वात नळ्यांचे जे संग्राहक आता सर्रास बसविले जातात, त्यांत आणखी जपावे लागते. कोरड्या तापलेल्या नळीत एकदम गार पाणी गेले तर ती तडकते. चांगल्या नियंत्रकात यासाठी वरची मर्यादा असते. संग्राहक अतिशय तापला असेल तर तो निवेपर्यंत पेटी पंपाला परवानगी देत नाही. दिवसा वीज हमखास जाते अशा गावात पंपच लहान सौरविद्युत पॅनेलवर चालविण्याचा पर्याय विचारात घेण्यासारखा आहे, कारण पंपाची गरज असते ती नेमकी ऊन असतानाच.

टाकीच्या तापमानाचीही कमाल मर्यादा पेटीवर लावता येते. ती साठ-पासष्ट अंशांच्या आसपास ठेवणे दोन कारणांसाठी हिताचे आहे. एक म्हणजे बोअरचे पाणी जेथे जड आहे तेथे साठ अंशांपुढे नळ्यांत क्षारांचा पांढरा थर फार वेगाने धरतो. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. साठ अंशांचे पाणी अंगावर पडले तर काही सेकंदांत कातडी भाजते, आणि लहान मुलांची कातडी त्याहूनही लवकर. न्हाणीघरात थेट टाकीचे पाणी कधीही सोडू नये. गार पाणी मिसळून चाळीस अंशांच्या आसपासचे पाणीच नळाला येईल अशी मिश्रण-झडप बसवावी, आणि ती नसेल तेथे एका मोठ्या व्यक्तीने पिंप कालवून दिल्याशिवाय मुलांना पाणी घेऊ देऊ नये. नियंत्रक हे काम करीत नाही. त्याचे क्षेत्र पंपापुरते आहे.

खरेदी करताना

निविदेत बहुधा लिटर आणि संग्राहकांची संख्या लिहिली जाते, आणि नियंत्रकासाठी ‘आवश्यक त्या सर्व उपकरणांसह’ एवढेच शब्द पडतात. त्यातून सर्वांत स्वस्त पेटी येते, किंवा नुसते घड्याळ येते. संग्राहकांसाठी आयएस १२९३३ हे भारतीय मानक आहे, त्याचा उल्लेख अवश्य करावा. पण त्याबरोबरच पेटीवर दोन्ही तापमाने आकड्यांत दिसली पाहिजेत, दोन्ही मर्यादा बदलता आल्या पाहिजेत, दोषाची खूण मिळाली पाहिजे, आणि प्रत्येक जातीचा एक संवेदक सुटा मिळाला पाहिजे, हेही स्पष्ट लिहावे. लाखो रुपयांचा संच संवेदकासारख्या लहानशा भागावाचून अडून राहावा, याला केवळ कारकुनी कारण असते. पुण्यातील महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, म्हणजेच महाऊर्जा, ही या विषयातील राज्याची संस्था आहे. तांत्रिक सल्ल्यासाठी तिच्याकडे विचारणा करता येते.

पेटी आल्यावर तिच्याशेजारी एक वही टांगावी. दुपारी दोन वाजता दोन्ही तापमाने आणि पंप चालू की बंद, एवढीच नोंद रोज व्हावी. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडे हे काम पाळीपाळीने सोपविता येईल. महिन्याभराच्या नोंदी ओळीने पाहिल्या की फरक वाढत चालला आहे हे लक्षात येते. असे झाले तर पंपाचा प्रवाह मंदावला आहे किंवा नळ्या क्षारांनी भरत आहेत, हे मुले आजारी पडण्याच्या किंवा चूल पेटण्याच्या आधी कळते. काचांवरील धूळ आठवड्यातून एकदा, सकाळी त्या गार असताना, पुसावी.

उन्हाळी सुटीची व्यवस्था वेगळी. मे महिन्यात ऊन सर्वाधिक आणि पाणी वापरणारे कोणीही नाही, अशी स्थिती असते. टाकी कमाल मर्यादेवर पोहोचते, नियंत्रक पंप बंद ठेवतो आणि संग्राहक रोज कोरडे तापत राहतात. या दिवसांत ते गोणपाटाने किंवा जाड कापडाने झाकून, दोर बांधून ठेवावेत आणि पेटीचा वीजपुरवठा तोडावा. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी, सकाळी लवकर, प्रथम संग्राहक पाण्याने भरून घ्यावेत, मग आच्छादन काढावे, दोन्ही संवेदक जागेवर आहेत याची खात्री करावी, आणि बटण स्वयंचलितवर आणून पंप केव्हा सुरू होतो याची वाट पाहावी.